एकेरी खेळणारी एकटी नसते

गोसीखुर्दहून आम्ही बोलतोय. हातातले काम चालू राहू द्या. तांदूळ निवडत असाल तर निवडा, भाकरी थापत असाल तर थापा, कान तेवढे इकडे असू द्या.

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वही लिहून झाली आणि एकीने पोरीचा विषय काढला. पोरगी आठवीत आहे. शाळेत बॅडमिंटनच्या रॅकेट आल्या, तिचा हात चांगला बसला. गुरुजी म्हणाले, तालुक्याच्या स्पर्धेला पाठवा. आई म्हणाली, "पोरीले खेळून का भेटते?" आम्ही आधी हसलो, मग गप्प झालो, कारण तिचा प्रश्न खोटा नव्हता. पोरगी खेळायला गेली की पाणी कोण भरेल? धाकट्याला कोण सांभाळेल? आणि एवढे करून हाती काय येईल?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आमच्या हाती एका खेळाचा इतिहास लागला. त्यात पुणे आहे, नागपूर आहे, आणि आपल्या वरठीच्या स्टेशनावरून जाणारी रेल्वेही आहे. तोच आज सांगतो.

बॅडमिंटन तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. मध्ये जाळी, दोन बाजूंना माणसे, हातात रॅकेट आणि वर उडणारे फूल. हे फूल खरे असेल तर त्यात १६ पिसे असतात, बहुधा हंसाच्या जातीच्या पाखरांची. वजन फक्त पाच ग्रॅमच्या आसपास. जरासा वारा आला तरी ते वाट सोडते. म्हणून मोठे सामने बंद आणि उंच छताच्या सभागृहातच होतात. आपल्या खेड्यांतून धावणाऱ्या, कबड्डी आणि खो-खो खेळणाऱ्या पोरी निघतात, पण बॅडमिंटनच्या फारशा निघत नाहीत, त्याचे एक साधे कारण हे आहे. कबड्डीला माती पुरते, बॅडमिंटनला छप्पर लागते.

पण या खेळाचे नाव एके काळी आपल्या महाराष्ट्रातल्या गावावरून पडले होते. साधारण दीडशे वर्षांपूर्वी पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि त्याला 'पूना' म्हणत. सुटीवर मायदेशी जाताना ते खेळ सोबत घेऊन गेले. तिकडे बॅडमिंटन नावाच्या एका मोठ्या वाड्यावरून त्याला आजचे नाव मिळाले. इंग्लंडची सर्वांत जुनी मोठी स्पर्धा, ऑल इंग्लंड, १८९९ मध्ये सुरू झाली आणि १९०० पासून तिथे बायकांचे एकेरी सामने होऊ लागले. म्हणजे बायका या खेळात मागाहून आलेल्या नाहीत, जवळजवळ सुरुवातीपासून आहेत.

तरी एक गोष्ट ऐका. अनेक वर्षे गेम १५ गुणांची असे. पुरुषांच्या एकेरीला १५, पुरुषांच्या दुहेरीला १५, मिश्र दुहेरीला १५, आणि दोन बाया मिळून खेळल्या तर त्यांनाही १५. फक्त एकटी बाई खेळायला उभी राहिली की तिची गेम ११ गुणांची. नियम करणाऱ्यांनी जणू ठरवूनच टाकले होते, की बाईला एकटीने एवढे झेपायचे नाही.

आम्ही हे बैठकीत वाचून दाखवले तेव्हा एक आजी म्हणाली, "त्यायले आपल्या बांधीत आणा रोवणीले, मंग सांगा कोणाले का झेपते ते." दिवसभर चिखलात वाकून परे लावणाऱ्या बाईला झेपण्याचा धडा कोणी शिकवायची गरज नाही. हा अकरा गुणांचा नियम २००६ मध्ये गेला. तेव्हापासून सगळ्यांना सारखे, बाई असो की माणूस, एकेरी असो की दुहेरी, २१ गुणांची गेम आणि तीनपैकी दोन गेम जिंकणारा विजयी.

आपल्याकडे या खेळात नाव काढलेल्या पहिल्या पोरींमध्ये तीन बहिणी होत्या. पुण्याच्या देवधर घरातल्या तारा, सुंदर आणि सुमन. वडील दि. ब. देवधर हे मोठे क्रिकेटपटू आणि संस्कृतचे प्राध्यापक. १९४० च्या दशकात, देश स्वतंत्र व्हायच्या आधी, या बहिणींनी राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली. त्या काळी पोरींनी चारचौघांत खेळणे किती घरांत चालत असेल, याचा विचार करा. या घरात चालले, कारण घरातले मोठे माणूस मैदानाची किंमत जाणत होते. खेळाडू पोरीचा इतिहास पाहायला गेलो की पहिले पान नेहमी घराचेच निघते.

पुढे मुंबईच्या अपर्णा पोपटने १९९७ ते २००६ या काळात एकेरीचे राष्ट्रीय अजिंक्यपद नऊ वेळा मिळवले. मग सायना नेहवाल आली. २०१२ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकमध्ये तिने कांस्यपदक मिळवले आणि २०१५ मध्ये ती जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली. मग पी. व्ही. सिंधू आली, २०१६ मध्ये रौप्य, पुढच्या ऑलिंपिकमध्ये कांस्य, आणि २०१९ मध्ये जगज्जेतेपद. या दोघी हैदराबादला तयार झाल्या. आपल्या विदर्भातून या उंचीवर कोणी जाईल असे तेव्हा फारसे कोणाच्या मनात नव्हते.

आता येऊ आपल्या शेजारच्या नागपुरात. मालविका बनसोड ही नागपूरची पोरगी. जन्म १५ सप्टेंबर २००१. डावखुरी. आई-वडील दोघेही दातांचे डॉक्टर. लहानपणी घरच्यांनी तिला सांगितले, तब्येतीसाठी एक तरी खेळ निवड. तिने बॅडमिंटन निवडले. इथपर्यंतची गोष्ट शहरातल्या कोणत्याही सुखवस्तू घराची आहे, आणि आमच्यातली एक लगेच म्हणालीही, "डॉक्टरच्या घरचे जमते, आपले कसे जमेल?" तिचे म्हणणे खरे आहे, ते आम्ही झाकून ठेवणार नाही. पैशाशिवाय हा खेळ पुढे जात नाही. पण या गोष्टीत पैशाखेरीज आणखी एक खर्च आहे, आणि तो खर्च एका बाईने केला.

पोरगी पुढे जाऊ लागली तसे चांगल्या शिक्षणासाठी तिला छत्तीसगडमध्ये रायपूरला संजय मिश्रा या प्रशिक्षकांकडे जावे लागले. नागपूरहून रायपूर तीनशे किलोमीटरच्या आसपास. आपल्या वरठीचे भंडारा रोड स्टेशन, पुढे तुमसर, गोंदिया, डोंगरगड, त्याच रस्त्यावर. पोरीला तिकडे एकटे कसे ठेवायचे? आई सोबत गेली. शिकलेली डॉक्टर बाई, तिने आपले काम बाजूला ठेवले. एवढेच नाही, पोरीला काय खाऊ घालायचे, तिचे शरीर कसे घडवायचे, दुखापत कशी टाळायची हे नीट कळावे म्हणून तिने क्रीडाशास्त्राचे पुढचे शिक्षण घेतले. लेक फूल मारायला शिकत होती आणि आई लेकीसाठी पुन्हा विद्यार्थिनी झाली होती.

पेपरात मालविकाच्या नावापुढे 'महिला एकेरी' असे छापून येते. एकेरी म्हणजे जाळीच्या आपल्या बाजूला ती एकटी. तिच्या वाट्याला येणारी जागा सुमारे ३७० चौरस फूट. आपले सरकारी घरकुल २६९ चौरस फुटांचे धरतात, त्यापेक्षा मोठी. एवढ्या जागेत पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, पडणारे प्रत्येक फूल तिने एकटीने उचलायचे. सोबतीण नाही, चुकले तर कोणावर ढकलता येत नाही. पण तिथे उभी राहीपर्यंत तिच्या मागे किती हात लागले, ते त्या दोन शब्दांत दिसत नाही.

आता ही 'करिअर' म्हणजे नेमके काय, तेही सांगतो, कारण पोरीच्या आईचा प्रश्न तोच होता. बॅडमिंटनमध्ये दर महिन्याला पगार देणारा कोणी शेठ नसतो. देशोदेशी स्पर्धा असतात, पायऱ्या पायऱ्यांच्या. खालच्या पायरीवर छोट्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा. तिथे बक्षिसाची रक्कम थोडी आणि प्रवासाचा खर्च मोठा. त्यावर सुपर १००, सुपर ३००, सुपर ५००, सुपर ७५० आणि सगळ्यांत वर सुपर १०००. प्रत्येक स्पर्धेत जेवढे पुढे जाल तेवढे गुण तुमच्या खात्यावर जमा होतात. मागच्या ५२ आठवड्यांतल्या सर्वांत चांगल्या १० स्पर्धांचे गुण धरून जगातला तुमचा क्रमांक ठरतो. क्रमांक चांगला असला तरच मोठ्या स्पर्धेचे दार उघडते.

आपल्या गटाच्या वहीसारखेच आहे हे. फरक एवढाच, की आपली बचत साठत जाते आणि यांची वर्षभरात पुसली जाते. मागच्या वर्षी जिंकलेले यंदा उपयोगी पडत नाही. थांबलात की मागे गेलात. म्हणून या पोरी महिन्याला दोन-तीन देश फिरतात, सणवार घराबाहेर काढतात, हरल्या तर दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी निघतात.

मालविकाने हीच शिडी धरली. २०१९ मध्ये, १८ वर्षांची होता होता, तिने मालदीवची आणि त्यापाठोपाठ नेपाळची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. नंतर करोनाने सगळे बंद पडले. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये डेन्मार्कमध्ये उबेर चषक झाला, त्यात ती भारताच्या संघातून खेळली. उबेर चषक म्हणजे बायकांच्या संघांची जागतिक स्पर्धा, १९५७ पासूनची. इंग्लंडच्या बेटी उबेर या खेळाडू बाईच्या नावाने ती ओळखली जाते. जगात फार थोड्या चषकांना बाईचे नाव आहे, म्हणून मुद्दाम सांगितले.

मग १३ जानेवारी २०२२ चा दिवस आला. दिल्लीत इंडिया ओपन स्पर्धा, करोनामुळे खुर्च्या रिकाम्या. समोर सायना नेहवाल. जिला टीव्हीवर पाहत या देशातल्या हजारो पोरींनी रॅकेट हातात घेतली, ती सायना. आणि इकडे २० वर्षांची नागपूरची पोरगी. मालविकाने पहिली गेम २१-१७ अशी घेतली, दुसरी २१-९ अशी. ३४ मिनिटांत सामना संपला. सायनाचे वय तेव्हा ३१ होते आणि दुखापतींनी तिला बरेच छळले होते, हेही सांगितले पाहिजे. त्यामुळे मालविकाचे यश कमी होत नाही, आणि सायनाचे मोठेपणही कमी होत नाही. पुढच्या पिढीची पोरगी येऊन आपल्याला हरवते, तेव्हा आपण चाललेली वाट रुंद झालेली असते.

दुसऱ्या दिवशी पेपरात सगळीकडे मालविका. पण इतिहास सांगायचा तर पूर्ण सांगावा. त्याच स्पर्धेत पुढच्याच सामन्यात ती छत्तीसगडच्या आकर्षी कश्यपकडून हरली. दहा दिवसांनी, २३ जानेवारीला, लखनौच्या सय्यद मोदी स्पर्धेत अंतिम फेरीत पोहोचली, तिथे सिंधूने तिला २१-१३, २१-१६ असे हरवले. म्हणजे ज्या महिन्याने तिला नाव दिले, त्याच महिन्यात ती हरलीही. जिंकलेल्या सामन्याचा फोटो छापतात. हरलेल्या सामन्यानंतर पोरगी दुसऱ्या सकाळी पुन्हा मैदानावर गेली, त्याचा फोटो कोणी काढत नाही.

त्यानंतर दोन वर्षे वर-खाली चालले. २०२४ हे वर्ष तिचे होते. अझरबैजानमधली स्पर्धा तिने जिंकली. सप्टेंबरमध्ये चायना ओपनला, म्हणजे सगळ्यांत वरच्या सुपर १००० च्या पायरीवर, पहिल्याच फेरीत समोर इंडोनेशियाची ग्रेगोरिया तुंजुंग होती. तिने महिनाभरापूर्वी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले होते. मालविकाने तिला २६-२४, २१-१९ असे हरवले. आकडे पाहा. २१ ला संपणारी गेम २६ पर्यंत ताणली गेली, कारण दोन गुणांची आघाडी मिळेपर्यंत खेळावे लागते. पुढे उपांत्यपूर्व फेरीत जपानच्या अकाने यामागुचीने तिला थांबवले. नोव्हेंबरमध्ये जर्मनीच्या हायलो ओपनमध्ये तिने अंतिम फेरी गाठली आणि उपविजेती ठरली. मार्च २०२५ मध्ये ऑल इंग्लंडला, जिथे १९०० साली बायकांची एकेरी सुरू झाली तिथेच, पहिल्या फेरीत तिने सिंगापूरच्या येओ जिया मिनला तीन गेममध्ये हरवले.

आणि मग जून २०२५. इंडोनेशिया ओपनची पहिली फेरी. पहिली गेम मालविकाने जिंकली होती, दुसरीतही ती पुढे होती. विजय पाच-सहा गुणांवर होता. तेवढ्यात पाय मुडपला, गुडघा दुखावला आणि सामना सोडावा लागला. एकेरी खेळाडूचे सगळे भांडवल तिचे शरीर असते. आपल्याला हे वेगळे समजवायला नको. रोवणीच्या दिवसांत कंबर धरली तर मजुरी बुडते, हे आपण जाणतो. फरक एवढाच, की तिच्या गुडघ्याकडे पाहायला डॉक्टर धावत येतो. आपल्या गुडघ्याकडे आपणही पाहत नाही.

दुखापतीवरून एक आणखी नाव घेतो. मानसी जोशी, मुंबईत वाढलेली. लहानपणापासून बॅडमिंटन खेळायची. २०११ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात तिचा डावा पाय गेला. ती कृत्रिम पाय लावून पुन्हा उभी राहिली आणि २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेल इथे अपंग खेळाडूंच्या एकेरीत जगज्जेती झाली. त्याच गावी, त्याच आठवड्यात सिंधूही जगज्जेती झाली. एका पायाचा आणि दोन पायांचा, दोन्ही मुकुट भारताच्या पोरींचे.

मैत्रिणींनो, आता आपल्या गावाकडे वळू. आपण धरणाकाठची माणसे. २२ एप्रिल १९८८ रोजी वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी झाली, आणि तेव्हापासून आपले दिवस 'पाणी आले' आणि 'गाव उठले' या दोन शब्दांत मोजले गेले. घर गेले, वावर गेले, त्याचा हिशेब आपण अजून मांडतो, मांडलाच पाहिजे. पण पोरींच्या खेळायच्या जागेचा हिशेब आपण मांडला का? जुन्या गावात देवळापुढचे पटांगण होते, आमराई होती, नदीची वाळू होती. तिथे पोरी सूर खेळल्या, लगोरी खेळल्या, कोणी विचारले नाही. नव्या गावठाणात प्लॉट आखून मिळाले. सोयींच्या यादीत शाळेसोबत मैदानही मोजतात. ते मैदान कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे, आणि संध्याकाळी त्यावर कोण असते, हे एकदा जाऊन पाहा. बहुतेक ठिकाणी पोरे दिसतील.

पोरी कधी बंद होतात, तेही आपल्याला माहीत आहे. सातवी-आठवीत, पाळी सुरू झाली की. आमच्यातल्या एकीने तेव्हा सांगितले, ती शाळेच्या कबड्डीत होती, चढाई करायची. एक दिवस घरून निरोप आला, आता खेळणे पुरे. भांडण नाही, मारहाण नाही, फक्त 'पुरे'. ती पस्तिशीची आहे आता. म्हणाली, "मी जिल्ह्याले गेली असती की नसती, मले ठाऊक नाही. पण ते मले कळूच देलं नाही." हे ऐकून कोणी काही बोलले नाही.

तेव्हा पोरीच्या आईच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. खेळून प्रत्येकीला नाव मिळत नाही, पैसा मिळत नाही. हजारांत एखादी मालविका होते, आणि तिच्या वाटेलाही हार आणि दुखापत असतेच. पण आपले शरीर आपले आहे, ते धावू शकते, हरून परत उभे राहू शकते, चार लोकांसमोर घाबरत नाही, एवढे पोरीला कळते. पुढे तिला कोणी म्हटले, तुला एकटीला झेपणार नाही, तर ती ऐकून घेणार नाही.

बैठकीत त्या आईने हे सगळे ऐकले. मग म्हणाली, "बरं, जाऊ द्या. पण तालुक्याले संग कोण जाईल? माह्यावालं तर काम सुटत नाही." आम्हाला वाटले, खरा प्रश्न हाच होता. मालविकाची आई रायपूरला गेली, कारण तिला जाता आले. आपल्यातल्या एकटीला ते जमत नाही, पण आपण दहा जणी आहोत. एकीने त्या दिवशी सोबत जायचे कबूल केले. दुसरीने धाकट्याला सांभाळायचे घेतले. तिसरी म्हणाली, पाणी मी भरते. यायजायचे तिकीट आम्ही वर्गणीतून काढले.

पोरगी तालुक्याला गेली. पहिला सामना जिंकली, दुसरा हरली. परत आली तेव्हा अंधार पडला होता. तिने आल्या आल्या एकच विचारले, पुढची स्पर्धा कधी आहे?

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते झाले की एवढे एक बोला. आपल्या गावात पोरींसाठी संध्याकाळचा एक तास कोण मोकळा करून देईल? दोन बांबू, एक दोर आणि प्लॅस्टिकचे फूल एवढ्यावर सुरुवात होते. सकाळी वारा पडलेला असतो, तेव्हाही खेळता येते. मैदान नीट नसेल तर ग्रामसभेत उभे राहून मागा, आणि मागताना पोरींना सोबत न्या.

पुन्हा भेटू. तोवर स्वतःची काळजी घ्या, गुडघ्यांचीही. नमस्कार.